सागरी रस्त्याने वेंगुर्ल्यापर्यंत, सोबत आयर्न मेडन

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचं गाणं दोनदा ऐकायचं असतं, एकदा स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं आणि एकदा हजारो माणसांसमोर वाजवलेलं, यावर मी ठाम आहे. त्यातलं एकच ऐकून या बँडबद्दल मत बनवणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं वाद घालत आलोय. २०२४च्या डिसेंबरात भाच्याला घेऊन कोकण किनाऱ्याने खाली वेंगुर्ल्यापर्यंत जायचं ठरलं, तेव्हाच गाडीत दुसरं काही लावायचं नाही हेही ठरलं. भाचा पुण्यात ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. मेडनची काही गाणी त्याने मोबाईलवर ऐकली होती, पण सुटी सुटी. अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एका बैठकीत ऐकायची सवय त्याच्या वयाच्या मुलांना लागलेली नाही. ताशाचा हात असलेल्या या पोराला स्टीव्ह हॅरिसचा बेस आणि निको मॅकब्रेनचे ड्रम नीट, क्रमाने ऐकवायचे, असं फार दिवस मनात होतं.

शुक्रवार: पुणे ते आंजर्ले

पहाटे पुणं सोडलं. ताम्हिणी उतरेपर्यंत गाडीत काही लावलं नाही. माणगाव मागे पडल्यावर १९८० सालचा पहिला अल्बम सुरू केला. हॅरिसने १९७५च्या नाताळात पूर्व लंडनमधल्या लेटन भागात हा बँड काढला. पहिला अल्बम येईपर्यंत चार वर्षं उलटली आणि तेवढ्यात गायक, गिटारवाले, ड्रमवाले असे बरेच जण आले नि गेले. टिकला तो हॅरिस. पहिल्या दोन अल्बमवर गायलेला पॉल डिआनो नुकताच, ऑक्टोबरात गेला होता, म्हणून सुरुवात त्याच्या आवाजानेच करायची होती. तो आवाज खरखरीत, गल्लीत वाढलेल्या पोराचा. पुढे आलेला ब्रूस डिकिन्सन वरच्या पट्टीत चढत जातो तसा तो चढत नाही, पण त्या दोन अल्बमवर दुसरा कुठला गळा मला चालणार नाही. 'फँटम ऑफ द ऑपेरा' ऐकताना भाचा पहिल्यांदा सरळ होऊन बसला. सात मिनिटांचं गाणं, मध्येच वळण घेतं, पुन्हा वेगळ्याच ठेक्यावर धावत सुटतं. मेडन पुढे चाळीस वर्षं जे करत आले, त्याचं बीज तिथे आहे.

त्या अल्बमचा आवाज मात्र पातळ आहे. हॅरिसने स्वतः त्याबद्दलची नाराजी कधी लपवली नाही. १९८१च्या 'किलर्स'पासून मार्टिन बर्च निर्माता म्हणून आला आणि ड्रमला अंग आलं. दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकले की हा फरक सांगावा लागत नाही.

बागमांडल्याला पोचलो तेव्हा फेरीबोट नुकतीच सुटली होती. समोर सावित्रीची खाडी, पलीकडे वेसवी, उजव्या हाताला खाडीचं तोंड आणि बाणकोटची बाजू. पुढची बोट येईपर्यंत गाडीतून उतरलो, दारं उघडी ठेवली आणि मी त्याला हॅरिसची ती प्रसिद्ध घोडदौड समजावून सांगितली. एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब, दोन आखूड. वर गिटार काहीही करत असली तरी खाली हे चालूच राहतं. भाच्याने बॉनेटवर बोटांनी धरून पाहिलं. पहिल्या मिनिटाला जमलं, दुसऱ्या मिनिटाला मनगट भरून आलं.

"मामा, हे तर काडीचं काम आहे. माणूस नुसत्या बोटांनी कसं करतो?"

हॅरिस प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, वापरत नाही, बोटांनीच वाजवतो. तारा गुळगुळीत वेटोळ्याच्या, आणि वाजवताना त्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटून जी खडखड होते ती तो दाबत नाही. त्या खडखडीमुळे बेस असूनही तो मागे राहत नाही. बहुतेक रॉक बँडमध्ये बेस आहे हे तो थांबल्यावर कळतं. इथे बेसवाल्याचाच बँड आहे.

केळशीवरून आंजर्ल्याला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो. वरून आंजर्ल्याचा किनारा आणि पलीकडे सुवर्णदुर्ग दिसतो, तिथे बराच वेळ बसलो. रात्री उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण आणि सोलकढी वाढली. जेवणानंतर १९८२चा 'द नंबर ऑफ द बीस्ट'. डिकिन्सनचा हा पहिला अल्बम आणि ड्रमवर असलेल्या क्लाइव्ह बरचा शेवटचा. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला मेडनचा पहिला अल्बमही हाच. बरबद्दल लोक फार कमी बोलतात. त्याच्या हाताला एक उसळी आहे, ठोका किंचित पुढे टाकायची खोड आहे. भाच्याने ती बरोबर पकडली. म्हणाला, "हा लय ढकलतो." बर २०१३ साली गेला, अनेक वर्षं मल्टिपल स्क्लेरोसिसशी झगडून. 'रन टु द हिल्स'मध्ये त्याचे हात ऐका, एवढंच मी सांगेन.

शनिवार: हर्णै, दाभोळ, गुहागर

सकाळी हर्णै बंदर. होड्यांतून उतरवलेले मासे वाळूवर ढिगाने मांडलेले, पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगडे, आणि प्रत्येक ढिगाभोवती कोंडाळं. लिलाव पुकारणाऱ्या बाईचा आवाज त्या सगळ्या गलक्याच्या वर राहत होता. मेडनचा गिटारवादक एड्रियन स्मिथ मासेमारीच्या पायी वेडा आहे, दौऱ्यावर असतानाही गळ घेऊन नदीकाठ गाठतो. त्याला हे बंदर दाखवायला हवं, असं सारखं वाटत राहिलं.

दापोलीवरून दाभोळला जाताना १९८३चा 'पीस ऑफ माइंड' लावला, आणि इथून आमचा प्रवास खऱ्या अर्थाने सुरू झाला. निको मॅकब्रेनचा हा पहिला अल्बम. पहिलंच गाणं 'व्हेअर ईगल्स डेअर', आणि त्याच्या तोंडालाच ड्रमचा एक छोटा, कडक तुकडा. बँडने नव्या ड्रमवाल्याची ओळख अशी करून द्यावी, याहून मोठा मान नाही. मग जो ठेका सुरू होतो त्यात बेस ड्रमचे जलद ठोके अखंड येत राहतात.

"दोन पेडल आहेत ना?" भाच्याने विचारलं.

एकच आहे. निको एकाच पेडलवर, एकाच पायाने वाजवतो, आणि तोही बहुतेक वेळा अनवाणी. हेवी मेटलमध्ये दोन पायांनी दोन बेस ड्रम बडवणं सर्रास असताना या माणसाने ते जवळजवळ कधीच केलं नाही. भाच्याने ते सुरुवातीचं मिनिट पुन्हा लावलं, मग पुन्हा. गाडी दाभोळच्या जेटीवर रांगेत लागली होती, मागचा हॉर्न देत होता, आणि आम्ही दोघं एका पायाचे ठोके मोजत होतो. पथकात ताशाच्या पोरांना पहिलं काय शिकवतात, तर लय पळू द्यायची नाही. इथे एवढ्या वेगात लय जागची हलत नाही, हे त्याने मला सांगितलं. मी हे गाणं शाळेपासून ऐकतोय, पण ते इतक्या नेमक्या शब्दांत मला कधी मांडता आलं नव्हतं.

वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलो. गुहागर गाठलं, व्याडेश्वराचं दर्शन घेतलं, संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो.

१९८४चा 'पॉवरस्लेव्ह' इथे ऐकायचा हे मी घरूनच ठरवून आलो होतो. शेवटच्या गाण्यासाठी. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' पावणेचौदा मिनिटांचं आहे, इंग्रजी कवी कोलरिजच्या १७९८ सालच्या दीर्घकवितेवर हॅरिसने बांधलेलं. खलाशी शुभ मानलेल्या पक्ष्याला मारतो, वारा पडतो, सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, सोबतचे खलाशी डोळ्यांदेखत मरतात, आणि हा जगतो, गोष्ट सांगत फिरण्यासाठी. अल्बमचं काम झालं ते बहामाज बेटांवर, नॅसॉच्या कंपास पॉइंट स्टुडिओत. म्हणजे समुद्राचं हे गाणं समुद्राजवळच रेकॉर्ड झालं.

मी सोबत छोटा स्पीकर आणला होता, पण डिसेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यांवर अंडी घालायला येऊ लागतात, तिथे रात्री स्पीकर लावणं योग्य नाही. म्हणून इअरफोनची एक जोडी दोघांत घेतली, एक त्याच्या कानात, एक माझ्या. त्यामुळे एक गंमत झाली. या अल्बमवर दोन गिटारी डाव्या-उजव्या बाजूला वेगळ्या ठेवल्या आहेत. भाच्याला एक ऐकू येत होती, मला दुसरी. पहिली पाच मिनिटं आम्ही अर्धं अर्धं गाणं ऐकलं. मग गाणं थांबतं तो भाग आला. गिटारचा परत परत येणारा तुकडा तुटतो, घोडदौड थांबते, आणि जहाजाच्या लाकडांचं कुरकुरणं सुरू होतं. खाली बेसचे सुटे सूर, आणि एक खर्जातला आवाज कवितेच्या ओळी म्हणतो. माझ्या एका कानात ते कुरकुरणारं लाकूड आणि दुसऱ्या, मोकळ्या कानात गुहागरची भरती. कितीतरी वेळ काही घडत नाही. वारा पडलेल्या जहाजावर काय घडणार? मग डिकिन्सनचा आवाज हळूहळू चढू लागतो, पायरीपायरीने, आणि ती लांब किंकाळी फुटते नि घोडदौड परत येते. भाच्याने माझा दंड धरला होता.

संपल्यावर इअरफोनची अदलाबदल केली आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. आता त्याला माझी गिटार, मला त्याची.

रविवार: हेदवी, जयगड, मालगुंड, रत्नागिरी

सकाळी नाश्त्याच्या वेळी फोन उघडला आणि बातमी दिसली. निको मॅकब्रेन दौऱ्यांतून निवृत्त होतोय. आदल्या दिवशी, ७ डिसेंबरला बँडने जाहीर केलं होतं, आणि आम्ही उठेपर्यंत ब्राझीलमध्ये साओ पाउलोला त्याचा शेवटचा कार्यक्रम होऊनही गेला होता. वय ७२. बँडमध्ये बेचाळीस वर्षं. २०२३च्या जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला होता, अंगाची एक बाजू लुळी पडली होती. तरी त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो दौऱ्यावर उभा राहिला. पुढचे सगळे कार्यक्रम त्याने त्या हाता-पायांनी निभावले.

आंबोळी ताटात तशीच राहिली. आदल्या दिवशी ज्या पायाचे ठोके मोजत होतो, तो पाय आता रंगमंचावर दिसणार नाही. भाचा काही बोलला नाही, फक्त 'व्हेअर ईगल्स डेअर' पुन्हा लावलं.

त्या दिवसाचा क्रम मग बदलला. 'समव्हेअर इन टाइम' हा त्यानंतरचा स्टुडिओ अल्बम पुढे ढकलला आणि 'लाइव्ह आफ्टर डेथ' हा लाइव्ह अल्बम काढला. पॉवरस्लेव्हचा दौरा ऑगस्ट १९८४ मध्ये पोलंडात वॉर्सापासून सुरू झाला आणि जुलै १९८५ पर्यंत चालला. त्यातल्या कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच अरेनाच्या मार्च १९८५च्या कार्यक्रमांतून या डबल अल्बमच्या पहिल्या तीन बाजू घडल्या, चौथी बाजू लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनची, ऑक्टोबर १९८४ची. निर्माता बर्चच. डीप पर्पलचा जपानमधला १९७२चा लाइव्ह अल्बम ध्वनिमुद्रित करणाराही हाच माणूस. हार्ड रॉकमधल्या दोन थोर लाइव्ह अल्बममागे एकच जोडी कान आहेत, ही गोष्ट मला नेहमी भारी वाटते.

सुरुवात चर्चिलच्या १९४०च्या भाषणाने होते, त्यावर गर्दीचा आरडाओरडा चढत जातो आणि 'एसेस हाय' सुटतं. स्टुडिओतलं तेच गाणं काल ऐकलेलं असल्यामुळे भाच्याला पहिल्या काही सेकंदांत कळलं. "पळतेय," तो म्हणाला. हो, पळते. लाइव्ह अल्बमवर जवळजवळ सगळंच स्टुडिओपेक्षा जलद आहे. यावरून वेळणेश्वरपासून हेदवीपर्यंत आमचं वाजलं. त्याचं म्हणणं, एवढा पक्का ताल असलेला माणूस मैदानात लय का सोडतो? माझं म्हणणं, सोडत नाही, चढवतो, आणि पाचही जण एकदम चढवतात. हॅरिस आणि निको एकमेकांना धरून आहेत तोवर ते पळणं नाही. त्याला पटलं नाही.

हेदवीला बामणघळ बघायला उतरलो. कातळातली अरुंद भेग, भरतीचं पाणी आत कोंडतं, आधी तळातून एक दबका धक्का ऐकू येतो आणि मग फवारा वर उडतो. भरती ओसरू लागली होती, तरी दोन-तीन मोठे मिळाले.

तवसाळहून फेरीने जयगडला. त्या बोटीवर मी त्याला बीकेसीची गोष्ट सांगितली. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान. त्या वर्षीच्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत होता. डिकिन्सन परवानाधारक वैमानिक आहे, आणि बँड, कामगार, सामान असं सगळं घेऊन जाणारं बोइंग ७५७ तो स्वतः चालवत होता. मेडनच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी ध्वनिक्षेपकावर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागतं. ते सुरू झालं की जाणकार मंडळी चपला-बूट सावरून पुढे सरकतात, कारण आता दिवे जाणार. बीकेसीत ते लागलं तेव्हा माझ्या शेजारचा अनोळखी मुलगा ढसाढसा रडायला लागला. मग चर्चिल, मग 'एसेस हाय', आणि पुढची दोन मिनिटं मला पायाखाली जमीन लागली नाही. आपण वाद्यं ऐकतोय असं वाटतच नव्हतं, छातीचा पिंजरा वाजत होता. त्या दौऱ्यावर 'फ्लाइट ६६६' हा माहितीपट आणि त्याचा ध्वनिमुद्रित अल्बम २००९ साली आला. त्यात एकेक गाणं एकेका शहरातलं आहे, आणि 'एसेस हाय' मुंबईचं आहे. त्या आरोळ्यांत मी आहे, तो रडणारा मुलगा आहे. कोणी मला विचारलं की मेडनच्या अल्बमवर भारतातलं काय आहे, तर मी हे सांगतो.

त्याच संध्याकाळी 'राइम'ही वाजवलं. कित्येक वर्षांनी ते कार्यक्रमात परत आलं होतं, आणि ऐकायला मिळालं याचं अप्रूप मला आजही आहे. पण मधल्या शांत भागात शिट्ट्या पडत होत्या, कोणी मित्राला हाका मारत होतं. वाट पाहण्याचा तो भाग मैदानात टिकत नाही. म्हणून 'राइम' अल्बमवर ऐकावं आणि 'एसेस हाय' मैदानातलं. गाण्यागाण्याची जागा ठरलेली असते, आणि ती बँड ठरवत नाही.

मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात गेलो. या घरात जन्मलेल्या माणसाने इंग्रजी सॉनेट वाचून मराठीत सुनीत आणलं. पूर्व लंडनमधल्या एका बेसवाल्याने शाळेच्या पुस्तकात असते तसली कविता उचलून तिला तालावर घातलं. दोन्ही कामांना सारखीच छाती लागते, असं मला वाटतं. भाच्याने तिथल्या कविता उभ्या उभ्या वाचल्या.

गणपतीपुळ्याला रविवारची गर्दी होती, लांबूनच नमस्कार केला. आरे-वारेच्या वळणावर मात्र गाडी बाजूला घेऊन 'लाइव्ह आफ्टर डेथ'ची चौथी बाजू पूर्ण ऐकली. मुक्काम रत्नागिरी.

सोमवार: रत्नागिरी ते मालवण

लांबचा दिवस. पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, विजयदुर्गाला उभं राहून पाहिलं, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. रस्ता सतत खाली खाडीत उतरतो, पूल ओलांडतो, पुन्हा सड्यावर चढतो. सड्यावर पिवळं पडलेलं गवत आणि जांभा, उतारावर कलमांच्या बागा.

नव्या ड्रमवाल्याची बातमीही एव्हाना आली होती. सायमन डॉसन, हॅरिसच्याच ब्रिटिश लायन या दुसऱ्या बँडमधला. पुढच्या वर्षीच्या दौऱ्यावर तोच असणार होता. हॅरिसने ओळखीचा हात निवडला, हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

१९८६चा 'समव्हेअर इन टाइम' सड्यावर ऐकला. गिटार सिंथेसायझर वापरलेला, चकचकीत आवाजाचा अल्बम. त्या दौऱ्याचा पूर्ण लाइव्ह अल्बम बँडने कधी काढला नाही, ही माझी जुनी तक्रार. शेवटचं सिकंदरावरचं गाणं तर त्यांनी २०२३ पर्यंत एकदाही लोकांसमोर वाजवलं नव्हतं. सदतीस वर्षं लोक मागत राहिले. आणि वाजवलं तेव्हा ड्रमवर निकोच होता, पक्षाघातानंतरचा.

नव्वदच्या दशकातले, डिकिन्सन बँडमध्ये नसताना गायलेल्या ब्लेझ बेलीचे दोन अल्बम आम्ही घाईने पार केले. तो वाईट गायक नव्हता, त्याला डिकिन्सनच्या पट्टीतली गाणी रोज रात्री गायला लावली, हे चुकलं. १९९९ साली डिकिन्सन आणि स्मिथ परतले, स्मिथच्या जागी आलेला गिटारवादक यानिक गर्सही राहिला, आणि तीन गिटारी झाल्या. त्यानंतरचा ब्राझीलमधला जानेवारी २००१चा कार्यक्रम 'रॉक इन रिओ' म्हणून निघाला. त्यातलं 'फिअर ऑफ द डार्क' कुणकेश्वरच्या उतारावर लावलं. १९९२च्या स्टुडिओ अल्बमवर हे बरं गाणं आहे, बस. रिओत गिटारची सुरावट गर्दी गाते. शब्द नव्हेत, गिटारची धून, हजारो गळ्यांनी, सुरात. हे ऐकल्यावर स्टुडिओतलं लावलं तर खोलीतली माणसं उठून गेल्यासारखी वाटतात. इथे भाचाही निमूट झाला. लयही थोडी पळत होती, पण त्याने ते बोलून दाखवलं नाही.

मंगळवार: मालवण, वेंगुर्ले

सकाळी होडीने सिंधुदुर्गात. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला तटावरून चालत फिरल्याशिवाय कळत नाही. दुपारी तारकर्ली, मग परुळ्यावरून वेंगुर्ले.

रात्री जवळच्या एका गावात जत्रा होती आणि जत्रेत दशावतार. देवळासमोर मोकळं आवार, एका बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांजवाला, समोर एक बाकडं, झाला रंगमंच. आम्ही खाली बसलो तर शेजारच्या आजोबांनी विचारलं, "खंयसून इलास?" पुण्याहून म्हटल्यावर त्यांनी आम्हाला पुढे सरकवलं. "बसा हंय. आता राजा येतलो."

राजा आला. अंगावर जरीचं, डोक्यावर मुकुट, पायात चाळ, आणि पहिल्याच गिरकीत पखवाजवाल्याने त्याचा पाय पकडला. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद उभ्या उभ्या रचायचे. भाचा नटाकडे बघतच नव्हता, पखवाजवाल्याकडे बघत होता. नट वाक्य लांबवतो तर हा थांबून राहतो, नटाने मान वळवली की थाप. युद्ध लागलं तेव्हा दोन राजे समोरासमोर फेर धरून नाचले, लय दुपटीने वाढली, आणि आवारातल्या बायका-पोरं-म्हातारे सगळे सरसावून बसले.

"इथे रेकॉर्डच नाही ना मामा," भाचा म्हणाला. "उद्या परत ऐकायचं म्हटलं तरी हेच मिळणार नाही."

नाही. आणि मेडन याच्या अगदी उलट. हॅरिसची मंडळी मैदानात काही नवं रचत नाहीत. सोलो जवळजवळ स्टुडिओत होता तोच, सूर न् सूर, आणि लोकांना तोच हवा असतो. पंधराव्या वर्षी अंधाऱ्या खोलीत पाठ केलेला तो सोलो समोर, खऱ्या बोटांतून निघताना बघायचा असतो. बदलतो तो वेग, घाम आणि समोरच्यांचा गळा. मी हे रात्री दोन वाजता, त्या युद्धाच्या गोंधळात, त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं.

बुधवार: आंबोलीमार्गे परत

कलाकारांनी रंग उतरवेपर्यंत उजाडलं होतं. थोडी झोप काढून निघालो. सावंतवाडी, आंबोली, आणि घाट चढता चढता भाच्याने स्वतःहून दोन्ही 'एसेस हाय' पाठोपाठ लावले, आधी १९८४चं, मग २००८चं मुंबईचं. मुंबईच्या गाण्यात सुरुवातीच्या आरोळीला त्याने आवाज वाढवला आणि विचारलं, यात तू कुठे आहेस? डावीकडे, कुंपणाच्या जवळ, मी म्हटलं.

मग वाद पुन्हा सुरू झाला. त्याचा निष्कर्ष पक्का होता. निको ऐकायचा तर स्टुडिओतला, कारण तिथे तो एकाच पायावर एवढ्या वेगातही हलत नाही. 'पीस ऑफ माइंड' पहिला, 'पॉवरस्लेव्ह' दुसरा. लाइव्हमध्ये फक्त रिओ, आणि तेही गर्दीसाठी. पथकातल्या पोरांना तो याच क्रमाने ऐकवणार आहे.

मी 'लाइव्ह आफ्टर डेथ' वरती ठेवतो, आणि आजऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत त्याला कारणं देत होतो. लाँग बीचच्या कार्यक्रमांपर्यंत ती माणसं अनेक महिने घराबाहेर होती, दमली होती, आणि तरी ती दर गाण्याला वेग चढवत होती. त्या वेगात हॅरिसची बोटं आणि निकोचा पाय एकमेकांना सोडत नाहीत, हे मला स्टुडिओतल्या अचूकपणापेक्षा मोठं वाटतं. "लय पळते, मामा," तो तेवढंच म्हणत राहिला. पळू दे. मला ती तशीच हवी आहे.